आतड्यातलं जाळं: एका विसरलेल्या तिसऱ्या शाखेची गोष्ट

आजचा विषय अगदी आतला आहे, शब्दशः. आपल्या आतड्यांच्या भिंतीत चेतापेशी असतात, म्हणजे मेंदूत असतात तशाच पेशी, आणि त्या थोड्याथोडक्या नसतात. माणसाच्या बाबतीत आज जो अंदाज दिला जातो तो २० कोटी ते ६० कोटी असा आहे. मेरुरज्जूतल्या पेशींच्या संख्येशी तुलना करावी असा हा आकडा. इतका मोठा कारभार पोटात चालतो आणि आपल्याला त्याचा पत्ता फक्त तो बिघडला की लागतो.

या पेशी कुठे बसलेल्या आहेत, कोण कुणाला जोडलेली आहे, हे शोधायला दीडशे वर्षं लागली. त्यातली मधली चाळीस-पन्नास वर्षं तर अशी गेली, की जे सापडलं होतं तेच हरवलं. मला आज त्या हरवण्याबद्दल जास्त बोलायचं आहे. कारण पुस्तकातलं एखादं प्रकरण गळलं तर फार बिघडत नाही असं आपल्याला वाटतं. इथे मात्र त्याच काळात ऑपरेशनच्या टेबलावर लहान मुलं होती.

आधी दोन मिनिटं रचना समजून घेऊ. आतडं म्हणजे एक नळी, आणि नळीच्या भिंतीला थर आहेत. सगळ्यात आत अस्तर, जिथे अन्नरस शोषला जातो. त्याच्या खाली एक मऊ थर, त्यात रक्तवाहिन्या. मग स्नायूंचे दोन थर: आतला गोल, बांगडीसारखा, बाहेरचा लांबीच्या दिशेने जाणारा. आता चेतापेशी कुठे? एक जाळं या दोन स्नायूंच्या थरांच्या मध्ये दडपलेलं आहे. दुसरं अस्तराखालच्या मऊ थरात आहे. जाळं म्हणतो ते उपमा म्हणून नाही, सूक्ष्मदर्शकाखाली ते खरंच कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं: पेशींचे पुंजके, म्हणजे गँगलिऑन, आणि त्यांना जोडणारे तंतूंचे दोर. पहिलं जाळं अन्ननलिकेपासून गुदाशयापर्यंत सलग आहे आणि मुख्यतः हालचालीचं काम बघतं. दुसरं आतड्यांत ठळक आहे आणि पाझर, शोषण, रक्तपुरवठा याकडे लक्ष देतं. उंदीर किंवा गिनीपिग यांच्यात हे दुसरं जाळं एकच पदर असतं. डुकरात, माणसात त्याला दोन किंवा जास्त पदर असतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळी कहाणी गिनीपिगची आहे आणि गिनीपिग म्हणजे माणूस नव्हे.

ही जाळी सापडली जर्मन भाषक प्रदेशात. रोबेर्ट रेमाक याने १८४०च्या दशकातच पचनमार्गाच्या भिंतीतले पुंजके पाहिले होते. गेओर्ग माइसनर याने १८५७ साली अस्तराखालचं जाळं वर्णन केलं. आपल्या बोटांच्या टोकांतल्या स्पर्शपेशींच्या गोळ्यांनाही याचंच नाव आहे. पुढच्याच वर्षी थिओडोर बिलरोथ याने त्याला दुजोरा दिला. हो, तोच बिलरोथ, जठराचा भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया करणारा. आणि ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधलं व्रोत्सवाफ, इथे लेओपोल्ड आउअरबाख याने १८६०च्या दशकाच्या पूर्वार्धात स्नायूंमधलं मोठं जाळं दाखवलं. रेमाक आणि आउअरबाख दोघेही ज्यू. रेमाकला बर्लिन विद्यापीठात शिकवण्याची परवानगी मिळाली ती १८४७ मध्ये, आणि तिथे ती मिळवणारा तो पहिला ज्यू होता. पेशींची नावं वाचताना त्यांच्यामागचे हे दरवाजे आपल्याला दिसत नाहीत, म्हणून सांगितलं.

नुसतं जाळं दिसणं आणि त्यातली एकेक पेशी दिसणं यात फरक आहे. रस्त्यांचा नकाशा हातात आला, पण कोण कुठून कुठे जातं ते कळलं नाही, तसं. ते कळायला रंग लागला. मिथिलीन ब्लू नावाचा रंग जिवंत चेतापेशीला पकडतो हे पाउल एर्लिखने १८८६ मध्ये दाखवलं. रशियात अलेक्सांदर डोगेल याने तो रंग आतड्यांवर चालवला आणि १८९९ मध्ये माणूस व सस्तन प्राणी यांच्या आतड्यातल्या पेशींचे प्रकार मांडले. पहिल्या प्रकारच्या पेशीला आखूड, चपटे फाटे पुष्कळ आणि एकच लांब तंतू. दुसऱ्या प्रकारची पेशी गुळगुळीत, आणि तिला अनेक लांब तंतू. डोगेलने नुसत्या आकारावरून तर्क केला, की पहिली हालचाल घडवणारी असावी आणि दुसरी संवेदना टिपणारी. हा तर्क बाजूला ठेवा, शेवटाकडे पुन्हा लागेल.

आता १८९९ याच वर्षी लंडनला जाऊ. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग, युनिव्हर्सिटी कॉलेज. दोघे मेहुणे, बेलिसची बायको गर्ट्रूड ही स्टार्लिंगची बहीण. बेलिस शांत, पुस्तकातला माणूस, स्टार्लिंग धडाडीचा. या जोडीने प्रश्न घेतला तो साधाच: आतड्यातला घास पुढे कसा सरकतो? आणि पुढेच का सरकतो, मागे का नाही?

भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्यात त्यांनी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा घातला आणि स्नायूंच्या हालचाली नोंदवल्या. बोळा जिथे असेल त्याच्या मागचा, म्हणजे तोंडाकडचा भाग आवळतो, आणि पुढचा, गुदद्वाराकडचा भाग सैल पडतो. मागून रेटा, पुढे मोकळी वाट. बोळा सरकतो, आणि नव्या जागी पुन्हा तेच. मग त्यांनी आतड्याला बाहेरून येणारे सगळे चेतातंतू तोडले: मेंदूकडून येणारा व्हेगस तोडला, मेरुरज्जूकडून येणारे तंतू तोडले. बोळा तरीही सरकत राहिला. मग त्यांनी कोकेन आणि निकोटिन वापरून भिंतीतलं जाळंच बधिर केलं. आता स्नायू आपापल्या ठेक्यात हलत होते, पण मागे आवळ-पुढे सैल हा मेळ गेला. म्हणजे मेळ घालणारं जे काही आहे ते आउअरबाखच्या जाळ्यात आहे. मेंदूत नाही, मेरुरज्जूत नाही. याला त्यांनी आतड्याचा नियम असं नाव दिलं.

थोडं थांबून हे काय झालं ते बघा. त्या काळी प्रतिक्षिप्त क्रिया, रिफ्लेक्स, म्हटलं की मेरुरज्जू आलाच. चटका बसला, हात मागे आला; मधे मेरुरज्जू. शरीरात दुसरीकडे कुठे असं पूर्ण वर्तुळ, म्हणजे जाणीव, निर्णय आणि कृती, मध्यवर्ती संस्थेच्या बाहेर पूर्ण होतं हे कुणाला मान्य नव्हतं. आणि इथे एक मांसाची नळी ते करत होती. त्याआधी, १८९६ मध्ये, बाल्टिमोरच्या फ्रँकलिन मॉल याने कुत्र्याच्या आतड्याचा तुकडा कापून उलटा शिवून बघितला होता. तुकडा जगला, पण आपली जुनी दिशा विसरला नाही. अन्न वरच्या टाक्याशी तुंबायला लागलं. दिशा त्या तुकड्याच्या अंगातच होती.

बेलिस आणि स्टार्लिंग यांचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. १९०२ मध्ये त्याच आतड्याच्या चेतातंतूंचा पिच्छा पुरवताना त्यांना सिक्रेटिन सापडलं. आतड्याच्या एका वळशाचे तंतू तोडले, त्यात आम्ल घातलं, तरी स्वादुपिंड पाझरलं. म्हणजे निरोप रक्तातून गेला. हॉर्मोन हा शब्द स्टार्लिंगने १९०५ मध्ये वापरात आणला तो यातूनच. त्याच सुमारास तपकिरी कुत्र्याचं प्रकरण झालं, बेलिसवर जाहीरपणे क्रौर्याचा आरोप झाला, तो कोर्टात गेला आणि १९०३ मध्ये जिंकला. त्या प्रकरणावर स्वतंत्र व्याख्यान होईल. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं खूप आहे. माझं मत विचाराल तर हॉर्मोनचा शोध इतका झगमगीत होता, की त्याच दोघांचा तीन वर्षं आधीचा शोध त्याच्या उजेडात फिका पडला.

पण एका माणसाने तो नीट वाचला होता. केंब्रिजचा जॉन न्यूपोर्ट लँगली. चेतापेशींच्या गाठींवर निकोटिन लावून कुठला तंतू कुठे थांबतो हे शोधण्यात त्याचं आयुष्य गेलं. आपण आज स्वायत्त चेतासंस्था म्हणतो ती संज्ञा त्याची, १८९८ची. तिच्या दोन शाखा शाळेतल्या पुस्तकातही असतात: सिंपथेटिक आणि पॅरासिंपथेटिक. लँगलीने मात्र तीन सांगितल्या. १९२१च्या त्याच्या छोट्या पुस्तकात तिसरी शाखा स्पष्ट लिहिली आहे: आतड्याची, एंटेरिक.

त्याचा विचार हिशेबी होता. दुसऱ्या अवयवांत गाठीतली पेशी म्हणजे टपाल कार्यालय: वरून तंतू येतो, पेशीला निरोप देतो, पेशी तो अवयवाला पोचवते. आतड्यात हे जमत नाही. मेंदूकडून आतड्याकडे निरोप नेणारे व्हेगसचे तंतू काही हजार, आणि आतड्यात पेशी कोट्यवधी. बहुतेक पेशींना वरून येणारा तंतू थेट भेटतच नसणार. मग त्या कुणाचं ऐकतात? एकमेकींचं. शिवाय त्या दिसायलाही इतर गाठींतल्या पेशींपेक्षा वेगळ्या. तेव्हा यांना वेगळी संस्था माना, असं त्याचं म्हणणं.

आता गंमत बघा, किंवा दुर्दैव म्हणा. त्याच १९२१ साली ग्रात्समध्ये ओटो लोवीने बेडकाच्या हृदयावरचा तो प्रसिद्ध प्रयोग छापला. चेतातंतू रसायन सोडून निरोप देतो हे त्यातून आलं. मग पुढच्या पंधरा वर्षांत चित्र छान जुळलं: दोन शाखा, दोन रसायनं, एक गाडी पळवणारं, एक ब्रेक लावणारं. १९३६ला लोवी आणि डेल यांना नोबेल मिळालं. इतक्या सुबक जोडीत तिसऱ्याला जागा कुठली? पाठ्यपुस्तकांनी आतड्यातल्या कोट्यवधी पेशी पॅरासिंपथेटिकच्या खात्यात टाकल्या, शेवटचं टपाल कार्यालय म्हणून. कुणी लँगलीला खोटं ठरवलं नाही. नुसतं वाचणं बंद केलं. एखादी गोष्ट खोडून काढली तर निदान वाद राहतो; वगळली तर तोही राहत नाही.

आता त्या मुलांकडे येऊ. १८८६ मध्ये कोपनहेगनचे बालवैद्य हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी बर्लिनच्या सभेत दोन बाळांची हकिकत सांगितली. जन्मापासून शौचाला होत नाही, पोट नगाऱ्यासारखं, शेवटी मृत्यू. शवविच्छेदनात मोठं आतडं प्रचंड फुगलेलं, भिंत जाड. जो भाग फुगलेला तोच आजारी असं सगळ्यांनी धरलं. साहजिक होतं, डोळ्यांत भरणारा तोच होता. त्याखालचा अरुंद भाग अगदी साधा दिसायचा. मग शस्त्रवैद्य फुगलेला भाग कापायचे, आणि काही दिवसांनी उरलेलं आतडं पुन्हा फुगायचं.

१९०१ मध्येच टिटेल नावाच्या संशोधकाने अशा एका मुलाच्या आतड्यात चेतापेशींचे पुंजके फारच कमी असल्याचं नोंदवलं होतं. १९२० मध्ये इटलीत डाल्ला व्हाल्ले यांनीही खालच्या भागात त्या नसल्याचं लिहिलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. उलट १९२७ मध्ये ऑस्ट्रेलियात वेड आणि रॉयल यांनी वेगळा उपाय काढला: कंबरेतले सिंपथेटिक तंतूच तोडायचे. विचार कसा होता बघा. दोनच शाखा, सिंपथेटिक म्हणजे आतड्याचा ब्रेक, आतडं चालत नाही म्हणजे ब्रेक जास्त लागलाय, ब्रेकची तार कापा. सिद्धांताप्रमाणे अगदी बरोबर. पुढची वीस वर्षं अनेक मुलांवर ही शस्त्रक्रिया झाली. कुणाला थोडा काळ बरं वाटलं, आजार मात्र गेला नाही. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातातल्या नकाशात तिसरी शाखाच नव्हती. टिटेलचं वाक्य कुठल्या चौकटीत ठेवायचं, हे त्यांना कोण सांगणार?

बोस्टनच्या ऑर्व्हार स्वेन्सन याने उलट्या बाजूने विचार केला. त्याच्याकडच्या मुलांना फुगलेल्या भागावर पोटातून वाट काढून दिली की मूल सुधारायचं, वजन घ्यायचं. म्हणजे फुगलेला भाग काम करू शकत होता! वाट बंद करून आतडं पुन्हा जोडलं की त्रास परत. मग त्याने आतड्यात फुगे ठेवून दाबाच्या नोंदी घेतल्या. वरच्या भागात लाटा येत होत्या आणि खालच्या, अरुंद, निरोगी दिसणाऱ्या भागाशी येऊन थांबत होत्या. बेलिस आणि स्टार्लिंग यांचा नियम तिथे लागूच नव्हता. त्याने तो अरुंद भाग काढला आणि वरचं आतडं खाली ओढून जोडलं. १९४८ मध्ये अलेक्झांडर बिल याच्यासह हे छापलं. मुलं बरी झाली. त्याच वर्षी इतरांनीही दाखवलं, की त्या अरुंद तुकड्यात चेतापेशी नाहीतच. फुगवटा हा वरच्या भागाच्या कष्टाचा परिणाम होता, बंद दाराशी रेटा लावून लावून जाड झालेला.

प्रयोगशाळेत ही शाखा परत आली ती एका वेगळ्याच वाटेने. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, पाउल ट्रेंडेलेनबुर्ग याने गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून कोमट क्षारद्रवात टांगला. आतून दाब वाढवला की त्यात लाट उठायची. मेंदू नाही, रक्त नाही, प्राणीच नाही, तरी लाट. त्याच्या हाताखाली बर्लिनमध्ये एडिथ ब्युलब्रिंग काम करत असे. आई ज्यू, म्हणून १९३३ मध्ये तिची जर्मनीतली नोकरी गेली आणि ती इंग्लंडला आली, पुढे ऑक्सफर्डला. तिने ट्रेंडेलेनबुर्गची ती लाट पुन्हा हाती घेतली, आणि १९५८च्या सुमारास दाखवलं की आतड्याच्या आतून सेरोटोनिन लावलं तर लाट अधिक सहज सुटते. सेरोटोनिनला आपण मनाशी जोडतो, पण शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं, आणि त्यातलं बरंचसं चेतापेशींत नाही तर अस्तरातल्या खास पेशींत. घास लागला की त्या पेशी ते सोडतात आणि खालच्या तंतूंना वर्दी जाते.

ब्युलब्रिंगकडे शिकायला आलेल्यांत जेफ्री बर्नस्टॉक होता. तो पुढे मेलबर्नला गेला. त्याने गिनीपिगच्या मोठ्या आतड्याची पट्टी घेतली, त्या दोन सुप्रसिद्ध रसायनांचं काम औषधांनी बंद पाडलं, आणि तंतूंना विजेचा झटका दिला. काहीच व्हायला नको होतं. स्नायू सैल पडला. म्हणजे तिसरं काहीतरी निरोप नेत होतं. १९७२ मध्ये त्याने ते एटीपी असल्याचं मांडलं आणि बरीच वर्षं चेष्टा सोसली. आज सैल पाडणाऱ्या निरोप्यांत एटीपी आहे, नायट्रिक ऑक्साइड आहे, व्हीआयपी नावाचं प्रथिनासारखं रसायन आहे. दोनाची जोडी एकदा मोडली तेव्हा लँगलीची तिसरी शाखा परत वाचली जाऊ लागली. न्यूयॉर्कच्या मायकेल गर्शनने १९९८ मध्ये आपल्या लोकप्रिय पुस्तकाला दुसरा मेंदू असं नाव दिलं. नाव खपलं. मला ते तितकंसं आवडत नाही. आतडं विचार करत नाही, ते आपलं काम चोख करतं, आणि तेवढं पुरेसं आश्चर्य आहे.

जोडण्या शोधण्याचं किचकट काम बर्नस्टॉकच्या तालमीतल्या जॉन फर्नेसने मार्चेल्लो कोस्टाबरोबर ऑस्ट्रेलियात केलं. गिनीपिगच का, तर त्याच्या लहान आतड्याचा बाहेरचा स्नायू जाळ्यासकट पातळ पापुद्र्यासारखा सोलून निघतो. पद्धत अशी: जाळ्याचा एक पट्टा कापायचा, काही दिवस थांबायचं. आपल्या पेशीपासून तुटलेले तंतू मरतात. मग ज्या त्या रसायनाला चिकटणारे रंगीत प्रतिपिंड वापरून पाहायचं, कापलेल्या जागेच्या वरच्या बाजूचे तंतू गेले की खालच्या. वरचे गेले तर त्यांच्या पेशी खाली होत्या. असं एकेक रसायन घेऊन, वर्षानुवर्षं.

निघालं ते हे. स्नायू आवळणाऱ्या पेशींचे तंतू तोंडाच्या दिशेने जातात. सैल करणाऱ्या पेशींचे तंतू गुदद्वाराच्या दिशेने. मधल्या निरोप्या पेशींतही काही वर जाणाऱ्या आणि काही खाली जाणाऱ्या. बेलिस आणि स्टार्लिंग यांचा नियम असा तंतूंच्या दिशेतच लिहिलेला होता. मॉलचा उलटा शिवलेला तुकडा दिशा का विसरला नाही तेही कळलं. राहिली ती संवेदना टिपणारी पेशी. १९७०च्या दशकात सुया टोचून विजेच्या नोंदी घेतल्या तेव्हा दोन स्वभावाच्या पेशी दिसल्या. त्यातली एक जात एकदा चमकली की काही सेकंद गप्प बसायची. तिच्यात रंग भरून आकार पाहिला, तर गुळगुळीत, अनेक लांब तंतूंची: डोगेलची दुसरी पेशी. ती ताण आणि अस्तरावरचं रसायन खरोखर टिपते हे १९९०च्या दशकात सिद्ध झालं. आणि या पेशी एकमेकींनाही जोडलेल्या आहेत, त्यामुळे एकीला आलेली वर्दी शेजारणींत पसरते. एकट्या साखळीपेक्षा गल्लीतल्या बोलण्यासारखं हे चालतं.

शेवटचा एक धागा राहिला. हिर्शस्प्रुंगच्या आजारात पेशी नसतात त्या नेहमी खालच्या टोकाला, असं का? १९५४ मध्ये यंटेमा आणि हॅमंड यांनी कोंबडीच्या गर्भातला मेंदूच्या मागचा न्यूरल क्रेस्ट नावाचा पट्टा काढला. आतड्यात चेतापेशी आल्याच नाहीत. १९७३ मध्ये निकोल ल दुआरँ हिने लाव्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात लावल्या. लाव्याची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखू येते, त्यामुळे प्रवास सरळ दिसला. बहुतेक पेशी मानेजवळून निघतात, अन्ननलिकेच्या बाजूने आतड्यात शिरतात आणि वाढत, विभागत खालपर्यंत चालत जातात. थोड्या खालून येऊन मिळतात. सस्तन प्राण्यांतही मार्ग हाच. माणसाच्या गर्भात हा प्रवास साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात होतो. वाटेत पेशी कमी पडल्या, थांबल्या, तर राहतो तो शेवटचा टप्पा. १९९४ मध्ये यातल्या एका जनुकाचं नाव कळलं, आरईटी.

साधारण पाच हजार जन्मांत एक बाळ असं असतं. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाला काळी शी झाली नाही तर डॉक्टर सावध होतात ते म्हणूनच. गुदाशयाच्या अस्तराचा अगदी बारीक तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली माइसनरने पाहिलेल्या पेशी शोधतात. तपासणाऱ्याला काचेमागून काच पाहावी लागते, कारण त्याला नसलेली गोष्ट नाही असं खात्रीने लिहायचं असतं.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत मघापासून एक हात वर आहे.